सदतीसाला एक

बोरघाटातल्या रेल्वेची सगळ्यात कडक चढण सदतीसाला एक आहे. रुळावरून ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. रस्त्यावरच्या माणसाला हा चढ किरकोळ वाटेल, सायकलवाला तो खाली न उतरता चढून जाईल. पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला तो फार मोठा असतो. हा आकडा मला पुस्तकाने दिला नाही. कर्जतच्या रेल्वे चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका बँकर इंजिनाच्या ड्रायव्हरने तो दिला. पुढे आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून मी घर चालवलं. त्यातलं गतीचं आणि बलाचं जे काही शिकवलं, ते त्या एका आकड्यातून उगवलेलं होतं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं. चाळीतली सगळी पोरं त्यांना काका म्हणायची. ते मूळचे सोलापूरकडचे. शाळा लवकर सुटलेली. दौंडला कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि पायरी पायरीने वर येत घाटात विजेच्या इंजिनावर आले. रात्री-अपरात्री ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय यायचा आणि कडी वाजवायचा. मग पलीकडे स्टोव्हची भर्रभर्र, काकूंच्या बांगड्या आणि पेटी उचलल्याचा आवाज ऐकू यायचा. ड्यूटीवरून आले की ते अंगणातल्या दगडावर बसत, कॉटन वेस्टने बोटं पुसत, आणि आम्ही जे विचारू त्याचं उत्तर देत. हे दिसायला साधं आहे. पण मुलीच्या प्रश्नाला मोठ्या माणसाने पूर्ण उत्तर द्यायचं, ‘तुला काय करायचंय’ म्हणायचं नाही, ही गोष्ट त्या काळी आमच्या आसपास फार कमी घरांत होती.

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती वड्यांसाठी, असं पुष्कळ प्रवाशांना वाटतं. ती थांबते मागे इंजिनं लागावीत म्हणून. या मागून रेटणाऱ्या इंजिनांना बँकर म्हणतात. ‘पुढंच दोन-तीन इंजिनं का लावत नाहीत?’ असं मी एकदा विचारलं. काकांनी जमिनीवर काडीने डबे काढले आणि डब्यांमधल्या जोडांवर बोट ठेवलं. ‘सगळं वजन पुढून वढलं, तर सगळ्यात जास्ती ताण ह्या पहिल्या जोडावर. त्यो तुटला तर? मागनं रेटलं की अर्धं वझं मागं जातं, ह्याचा जीव वाचतो.’ पुढे कॉलेजात दोरीतल्या ताणाची गणितं आली. एका दोरीला बांधलेले तीन ठोकळे, कोणत्या भागात किती ताण ते काढा. वर्गातल्या मुली वैतागायच्या. मला ठोकळ्यांच्या जागी डबे दिसायचे आणि पहिल्या जोडावर ठेवलेलं ते काळं बोट.

सदतीसाला एक म्हणजे काय, हे त्यांनी मला टनांत सांगितलं होतं. गाडी हजार टनांची असेल तर घाटात तिच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा, म्हणजे २७ टन, तिला सतत खाली ओढत असतो. सपाटीवर हीच गाडी धिम्या चालीने नेताना चार-पाच टनांची ओढ पुरते. लोखंडावर लोखंड इतकं सहज घरंगळतं, हाच तर रेल्वेचा सगळा फायदा. पण घाटात तोच गुण उलटतो. सव्वाशे टनांच्या इंजिनाची चाकं कोरड्या रुळाला धरून तीस टनांच्या आसपास जोर लावू शकतात. त्यापुढे मोटर कितीही ताकदीची असू द्या, चाक जागच्या जागी फिरतं. आणि घाटातला पाऊस तर कर्जतकरांनी पाहिलेला आहे. ओल्या रुळावर ही पकड निम्म्यावरही येते. म्हणून चाकापुढे वाळू सोडायची. इंजिनाच्या ताकदीला चाकाखालची पकड हीच मर्यादा असते, हे मी घर्षणाचा धडा यायच्या पुष्कळ आधी ऐकलं होतं.

माझे वडील घाटातल्या एका सिग्नल केबिनवर होते. चढणाऱ्या गाडीबद्दल काका बोलायचे तर उतरणाऱ्या गाडीबद्दल वडील. वडील मुळात अबोल, पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत: सांधा कायम कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. घाट उतरणाऱ्या गाडीने ठरलेल्या जागी येऊन पुरतं थांबायचं. थांबली म्हणजे ब्रेक शाबूत आहेत आणि गाडी ड्रायव्हरच्या हातात आहे हे सिद्ध झालं. मगच सांधा मुख्य लाइनीला फिरवायचा आणि तिला पुढे सोडायचं. थांबली नाही, तर ती आपोआप बाजूच्या फाट्यावर जाते. तो फाटा उताराचा नसतो, डोंगराच्या अंगाला वर चढत नेलेला असतो. सुटलेली गाडी त्याच्यावर चढता चढता मंदावते. गाडीवर विश्वास ठेवून सुरुवात करायची नाही, तिने आधी थांबून दाखवायचं, असा तो नियम. वडिलांच्या सगळ्या नोकरीचा भार सांधा फिरवणाऱ्या त्या एका दांड्यावर होता.

‘तो फाटा किती लांब लागतो?’ हा माझा पुढचा प्रश्न. वडील म्हणाले, काकांना विचार. काका म्हणाले, ‘ती किती जोरात आली त्याच्यावर हाय. आन् एक ध्यानात ठेव, जोर दुप्पट तर उंची चौपट.’ हे त्यांना कुणी शिकवलं होतं, की रेल्वेच्या ट्रेनिंगमध्ये कधी ऐकलं होतं, मला माहीत नाही. पण ते तंतोतंत बरोबर होतं. ताशी ४० किलोमीटरने आलेली गाडी केवळ चढाने थांबवायची तर तिला सुमारे ६ मीटर उंची लागते. ताशी ८० ने आली तर २५ मीटर. आणि यात गाडीचं वजन कुठेच येत नाही. ‘सुटली की भरलेली न रिकामी, दोन्ही सारख्याच,’ असंही ते म्हणायचे.

नववीत आम्हाला न्यूटनचे नियम आले. पहिला नियम सरांनी फळ्यावर लिहिला आणि वर्ग गप्प झाला. कुणीच काही केलं नाही तर हलती वस्तू हलतच राहते, हे कुणाच्या गळी उतरेना. बैलगाडीचे बैल सोडले की गाडी थांबते, झोका ढकलायचा बंद केला की थांबतो. मग हलत राहायला जोर लागतोच की! ॲरिस्टॉटलनेही असंच म्हटलं होतं आणि त्याच्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षं बहुतेक शहाणी माणसं तेच धरून होती. आमच्या सरांचा मोठेपणा हा की त्यांनी नियम घोकून घेतला नाही. त्यांनी फळ्यावर समोरासमोर दोन उतार काढले आणि गॅलिलिओची गोष्ट सांगितली.

एका उतारावरून गोळी सोडली तर ती समोरच्या उतारावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. समोरचा उतार थोडा आडवा केला तर तीच उंची गाठायला तिला जास्त लांब जावं लागतं. आणखी आडवा केला तर आणखी लांब. मग तो पार सपाट केला तर? उंची कधी येणारच नाही. मग गोळी थांबेल कशाला?

मी बाकावरच उठून उभी राहिले. म्हणाले, ‘सर, ही कॅच सायडिंग आहे.’

वर्गाला काही कळलं नाही. सरांना मात्र क्षणात कळलं, कारण तेही कर्जतचेच. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मी घाटाचा उतार काढला, सांधा काढला, वर चढणारा फाटा काढला, आणि शेजारी तोच फाटा आडवा पाडून काढला. त्या फाट्यावरून जाणारी गाडी कधीच थांबणार नव्हती. तो सगळा तास सरांनी मला दिला. त्यांचंही ऋण माझ्यावर आहेच. पण त्या दिवशी माझ्याजवळ सांगण्यासारखं जे होतं, ते अंगणातल्या दगडावरून आलेलं होतं.

संध्याकाळी मी काकांना गॅलिलिओची गोष्ट सांगितली. त्याने आपलं गतीचं पुस्तक १६३८ मध्ये छापलं. सरळ खाली पडणारी वस्तू फार लवकर पडते, मोजता येत नाही, म्हणून त्याने लाकडाच्या फळीत खोबण करून ती तिरकी ठेवली आणि तिच्यावरून काशाची गोळी सोडली. वेळ मोजायला घड्याळ कुठलं? भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तो तराजूत तोलायचा. काका फार मन लावून ऐकत होते. ‘म्हंजे पडनं सावकाश करून बघितलं त्यानं,’ ते म्हणाले. नंतर थोडा वेळ थांबून, ‘आमचा घाट तेच करतोय. पडनंच हाय ते, सदतीस वाटं केलेलं.’

याहून चांगलं वर्णन मला आजवर कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. सरळ पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटरने वाढतो. घाटात सुटलेल्या गाडीचा त्याच्या सदतिसाव्या हिश्शाने, म्हणजे सेकंदाला पाव मीटरने. पाव मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण चाकांचं घर्षण वजा करूनही पहिल्या मिनिटाअखेर ती गाडी ताशी पन्नासच्या आसपास पोहोचते, आणि खाली अजून सगळा घाट असतो. या घाटात सुमारे २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर उंची आहे. वरून सुटलेल्या गाडीला अडवणारं वाटेत काहीच नसतं तर तळाला तिचा वेग ताशी ३७० किलोमीटर झाला असता. ‘पोरी, गाडीला पळवायला काय लागतंय? ती पळतीच. धरायला लागतंय,’ हे काकांचं नेहमीचं वाक्य. न्यूटनने १६८७ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेला पहिला नियम मी त्यांच्या मराठीत आधी शिकले.

दहावी झाल्यावर आमच्या घरात माझ्या पुढच्या शिक्षणाबद्दल कुणी बोलेना. भांडण नव्हतं, नकार नव्हता, नुसता विषयच निघत नव्हता. आमच्या ओळखीतल्या पुष्कळ मुलींचं शिक्षण असंच, कुणी न थांबवता थांबलेलं होतं. एका रविवारी काका आमच्याकडे आले, वडिलांसमोर बसले आणि म्हणाले, ‘ही इचारती. इचारनाऱ्या पोरीला घरात बसवू नका. सायन्सला घाला.’ वडिलांनी खर्चाचं काढलं. काकांनी खिशातून पाकीट काढून खाटेवर ठेवलं. ते पैसे मायलेजचे होते. जितके किलोमीटर गाडी चालवाल तितका मिळणारा तो भत्ता रनिंग स्टाफला पगाराहून जवळचा असतो, कारण तो जागरणांचा असतो. आईने चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आणि मला तेव्हा एक शब्दही बोलता आला नाही.

मग कर्जतहून कल्याणला लोकलने जाणं-येणं सुरू झालं. त्या पैशांतून प्रॅक्टिकलची जर्नलं आली, लॉग टेबलं आली, पहिल्या सत्राची फी गेली. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी ती रक्कम घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी हात लावला नाही. ‘चढवलेलं वझं परत खाली कशाला आनतीस?’ म्हणाले. मी फार आग्रह केला नाही. ते ऋण पैशांनी फिटावं असं तेव्हाही मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

शिकवायला लागल्यावर मी या घाटाबद्दल मिळेल ते वाचलं. ही लाइन १८६३ मध्ये सुरू झाली. तिची आखणी जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याची. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका सोडून न देता काम पुरं करवलं. हे वाचलं त्या दिवशी मी फार अस्वस्थ झाले. एवढी वर्षं त्या घाटाखाली राहून या बाईचं नाव आमच्या कुणाच्या कानावर आलं नव्हतं. आणि ज्यांची नावं कुठेच नाहीत असे हजारो मजूर पटकीने, तापाने, दरडीखाली आणि सुरुंगात गेले. रस्त्याच्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराला साहेबाने मारलं, अशी त्याची कथा सांगतात. जुन्या रस्त्याने जाणारे ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकतात. मी वर्गात बलांची आकृती काढताना या माणसांचा उल्लेख नेहमी केला. गणिताला त्याची गरज नव्हती, पण सदतीसाला एक ही चढण निसर्गाने दिलेली नाही. ती कुणीतरी डोंगर फोडून, भराव घालून, दऱ्यांवर पूल बांधून हाताने आणलेली आहे, हे मुलांना कळायला हवं असं मला वाटे.

मुलांना मी आणखी एक हिशोब करायला लावायचे. हजार टनांची गाडी साडेपाचशे मीटर खाली आणायची. तळाला ती थांबलेली हवी. मग तिच्याजवळ वर असलेली ऊर्जा गेली कुठे? ती दीड हजार युनिट विजेइतकी भरते. तेवढ्या उष्णतेने अठरा हजार लिटर पाणी उकळीला येईल. ब्रेकने गाडी उतरवली तर हे सगळं ब्रेकच्या ठोकळ्यांत आणि चाकांत उष्णता होऊन निघतं. उतरणाऱ्या मालगाडीच्या मागे बोगद्यात जो जळका वास राहतो तो त्याचा. १९३०च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली, तेव्हा त्यांतली काही उतारावर आपल्या मोटरीच जनित्रासारख्या चालवून वीज तारेत परत देऊ शकत होती. मोटरला फिरवताना चाकाला अडकाव होतो, तोच ब्रेक. त्याच वेळी शेजारच्या लाइनीवर दुसरी गाडी चढत असेल, तर ती वीज तिच्या कामी येते. काका ही गोष्ट फार अभिमानाने सांगत. आपण वाया जात नाही, असं काहीसं त्यांच्या बोलण्यात असे.

निवृत्तीनंतर ते गावी गेले. मी एका सुट्टीत त्यांना भेटायला गेले, ती आमची शेवटची भेट ठरली. बाभळीखाली खाट टाकून बसले होते. डोळ्याला कमी दिसत होतं, पण आवाज तसाच. ख्यालीखुशाली संपली, काकूंनी शेंगदाण्याचे लाडू दिले, आणि त्यांनी एकदम विचारलं, ‘तू आता प्रोफेसर हायस. मला एक सांग. सुटली तर भरलेली न रिकामी सारखीच, हे खरं. मग भरलेली धरायला जड का?’

मी सांगितलं की दोघींचा वेग सारखाच वाढतो, पण वजन चौपट असेल तर तो वेग काढून घ्यायला जोरही चौपट लागतो. ब्रेकच्या ठोकळ्याला मात्र डब्यात काय आहे हे कळत नाही, तो तेवढाच दाबतो. म्हणून तर वॅगनच्या अंगाला ब्रेकचा जोर बदलायचा रिकामी-भरलेलीचा दांडा असतो.

‘बरं. मग रिकाम्या गाडीला तो दांडा भरलेलीवर राहिला, तर चाक घसरतंय. गोल चाकाला फ्लॅट पडतोय. ते कशानं? ब्रेक तर चांगला लागला न्हवं?’

मी म्हटलं, ‘काका, रिकामी वॅगन हलकी. रुळावर तिचा भार कमी, म्हणून पकड कमी. ब्रेकने चाक तेवढ्या पकडीपेक्षा जास्त अडवलं की ते फिरायचं थांबतं आणि घासत जातं. घासायला लागलं की पकड आणखी कमी होते.’

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हंजे ब्रेक गाडीला थांबवतच न्हाई. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला रूळ थांबवतो.’

मी एवढी वर्षं हेच शिकवत होते. बाहेरच्या बलाशिवाय वस्तूचा वेग बदलत नाही. ब्रेक गाडीतलाच एक भाग, बाहेरचा फक्त रूळ. पण ते असं तीन वाक्यांत मला कधी मांडता आलं नव्हतं.

सुट्टी संपल्यावर अकरावीच्या वर्गात मी ती वाक्यं फळ्यावर जशीच्या तशी लिहिली आणि ती कुणाची ते सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ‘बाई, थांबवतो रूळ, मग तापतो ब्रेक का? रूळ का तापत नाही?’ मी म्हटलं, फिरणाऱ्या चाकाचा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणी रुळावरून सरकत नसतो. तिथे जोर आहे पण घासणं नाही, आणि घासल्याशिवाय उष्णता नाही. घासणं होतं ते ठोकळा आणि चाक यांच्यात. टेकलेला बिंदू सरकत नाही हे तिला पटेना. गाडी ताशी साठने जातेय आणि चाकाचा खालचा बिंदू स्थिर कसा? मग वर्गातून कुणीतरी खाली जाऊन कुणाची तरी सायकल वर आणली, चाकाला खडूची खूण केली, आणि तो तास व्हरांड्यात झाला.